नाव कळलं, पुढे काय? कण्हेरीकडून एक धडा



आजचं वाचन: छांदोग्य उपनिषद, सातवा अध्याय, पहिला खंड. नारद आणि सनत्कुमार यांचा संवाद.

नारद सनत्कुमारांकडे येतात आणि म्हणतात, मला शिकवा. सनत्कुमार म्हणतात, आधी तुला काय काय येतं ते सांग, त्याच्या पुढचं मी सांगतो. मग नारद यादी सांगतात. चार वेद, इतिहास-पुराणं, व्याकरण, गणित, तर्क, नक्षत्रविद्या, सर्पविद्या... यादी संपता संपत नाही. आजच्या भाषेत अगदी तगडा रेझ्युमे. आणि एवढं सांगून झाल्यावर नारद कबूल करतात की मला शब्द कळतात, आत्मा कळत नाही. मी दुःखात आहे. मला पार न्या.

सनत्कुमारांचं उत्तर एका ओळीचं आहे. तू जे जे शिकलास, ते सगळं 'नाम' आहे.

इथे बरेच जण थांबतात आणि निष्कर्ष काढतात, म्हणजे नाव फालतू, शिक्षण फालतू, अनुभव काय तो खरा. पण उपनिषद तसं म्हणत नाही! पुढच्याच वाक्यात सनत्कुमार सांगतात, नामाची उपासना कर. नाव जिथवर पोचतं तिथवर तुझी गती होईल. मग नारद विचारतात, नावाहून मोठं काही आहे? आहे. मग ते सांगा. आणि तिथून जिना सुरू होतो.

म्हणजे नाव ही पायरी आहे. ती गाळायची नाही आणि तिच्यावर बसूनही राहायचं नाही.

हे बोलायला सोपं आहे. म्हणून आज आपण ते एका झुडपावर तपासून बघू. निमित्त असं की एका वाचक ताईंनी मागे विचारलं होतं, "दादा, गणपतीच्या एकवीस पत्रींत कण्हेर आहे. कण्हेर विषारी असते ना? मग ती पत्रीत कशी?" प्रश्न छोटा आहे, पण त्याच्या उत्तरासाठी आपल्याला पार भूमध्य समुद्राच्या काठापर्यंत जाऊन यावं लागेल. चला.

१. कोरड्या नदीतलं झाड

आपल्याला कण्हेर माहीत आहे ती बंगल्याच्या कुंपणाला किंवा हायवेच्या दुभाजकावर. पण ती रानटी कुठे वाढते? भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांत. स्पेनचा दक्षिण भाग, मोरोक्को, इटलीतला कालाब्रिया, ग्रीसमधलं क्रीट बेट, इस्राएल, जॉर्डन. तिथून पश्चिम आशिया ओलांडून ती थेट आपल्याकडे आणि त्याच्याही पुढे पसरलेली आहे.

भूमध्य प्रदेशाचं हवामान आपल्या उलट आहे. पाऊस हिवाळ्यात. उन्हाळा कडकडीत कोरडा. डोंगरातून येणाऱ्या छोट्या नद्या हिवाळ्यात धो धो वाहतात आणि उन्हाळ्यात नुसते दगडगोटे उरतात. आजूबाजूचं गवत पिवळं पडलेलं असतं, आणि त्या गोट्यांच्या पात्रात मात्र गुलाबी फुलांची एक लांब ओळ दिसते. ती रानकण्हेर. जॉर्डनमध्ये पेट्रा नावाचं दगडात कोरलेलं प्राचीन शहर आहे; तिथल्या घळीतही ही गुलाबी झुडपं आहेत.

हे जमतं कसं? मुळं खाली जिथवर ओल आहे तिथवर जातात. वरून नदी कोरडी, खालून नाही. शिवाय पान खास आहे. जाड, चिवट, वरून मेणचट. पानाची श्वास घेण्याची छिद्रं, म्हणजे पर्णरंध्रं, खालच्या बाजूला छोट्या छोट्या खळग्यांत लपलेली असतात आणि त्या खळग्यांत बारीक केस असतात. त्यामुळे गरम वारा थेट छिद्रांना लागत नाही आणि पाणी कमी उडतं. कोणी बॉटनी शिकलेलं असेल तर त्यांनी हे पान मायक्रोस्कोपखाली नक्की पाहिलं असेल.

म्हणजे हे झाड वाळवंटी नाही. ते पाण्याचं झाड आहे, फक्त त्याचं पाणी आपल्याला दिसत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

२. एका झुडपाची किती नावं!

या झाडाचं वनस्पतिशास्त्रीय नाव आहे नेरियम ओलिएंडर. स्वीडनच्या कार्ल लिनिअसने १७५३ साली 'स्पीशीज प्लँटारम' या ग्रंथात ते नोंदवलं. त्याची पद्धत साधी होती. प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचं नाव. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. आपल्यासारखंच, फक्त आडनाव आधी. आज नेरियम या घरात ओलिएंडर ही एकुलती एक जात उरलीय.

पण लिनिअसने हा शब्द हवेतून आणला नव्हता. प्राचीन ग्रीक लोक या झाडाला 'नेरिऑन' म्हणत. त्याचा संबंध 'ओलं' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दाशी जोडतात. बघा, कोरड्या पात्रात उभ्या असलेल्या झाडाचं नाव ओल्यावरून! ज्यांनी नाव ठेवलं त्यांनी फुलं पाहून नाही ठेवलं, मुळं कुठे आहेत ते पाहून ठेवलं.

ग्रीकांकडे आणखी दोन नावं होती. 'ऱ्होडोडाफ्नी', म्हणजे गुलाब-लॉरेल. फूल गुलाबासारखं, पान लॉरेलसारखं. आणि 'ऱ्होडोडेंड्रॉन', म्हणजे गुलाबझाड. हो, तेच ऱ्होडोडेंड्रॉन! हिमालयात ट्रेकला गेलेल्यांनी जे लाल बुरांश पाहिले, त्यांना आज हे नाव आहे. पण दोन हजार वर्षांपूर्वी ते नाव कण्हेरीचं होतं. लिनिअसने ते उचलून दुसऱ्याच झाडांना दिलं. नाव हललं, दोन्ही झाडं आपापल्या जागी.

रोममध्ये प्लिनी नावाचा मोठा लेखक होऊन गेला. त्याच्या 'नॅचरल हिस्ट्री' या सदतीस भागांच्या ग्रंथात त्याने या झाडाबद्दल एक मजेशीर तक्रार केलीय. आशय असा की ही ग्रीक नावं आपण वापरतो, पण आपल्या लॅटिन भाषेला या झाडासाठी स्वतःचं नावसुद्धा सापडलं नाही. हा प्लिनी इसवी सन ७९ मध्ये व्हेसूव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात गेला. त्याच उद्रेकात पॉम्पेई शहर राखेखाली गाडलं गेलं. शेकडो वर्षांनी खोदल्यावर तिथल्या घरांच्या भिंतींवर बागांची चित्रं सापडली, आणि त्या चित्रांत फुललेली कण्हेर आहे. ज्या झाडाला रोमन भाषेत नाव नव्हतं, ते रोमन भिंतींवर दिमाखात उभं होतं.

अरबीत हे झाड 'दिफ्ला' झालं. तो शब्द ग्रीक 'डाफ्नी'वरून आला. अरब स्पेनमध्ये गेले, तसा तो शब्दही गेला, आणि स्पॅनिशमध्ये 'आदेल्फा' झाला. हिब्रूत ते 'हर्दूफ'. ऱ्होडोडाफ्नी हा शब्द तोंडातोंडी झिजून तयार झालेला. आजच्या ग्रीकमध्ये 'पिक्रोडाफ्नी', म्हणजे कडू लॉरेल. फ्रेंचमध्ये 'लॉरिए-रोझ'.

आणि आपल्याकडे? संस्कृतात करवीर. कोल्हापूरचं जुनं नाव तेच, तालुक्याचं नाव आजही करवीर. मराठीत कण्हेर, हिंदीत कनेर, मल्याळममध्ये अरळी. आणि संस्कृतातलंच अजून एक नाव आहे, अमरकोशात दिलेलं: हयमारक. हय म्हणजे घोडा. घोडा मारणारं.

इथे मी वाचता वाचता थांबलो होतो. कारण तिकडे प्लिनी लिहितो की हे झाड ओझी वाहणाऱ्या जनावरांना, शेळ्यांना, मेंढ्यांना विष आहे. इकडे आपल्या कोशात 'घोडा मारणारं'. दोन वेगळ्या भाषा, दोन वेगळी टोकं, पण माणसाने जनावर मरताना पाहिलं आणि नावात, ग्रंथात लिहून ठेवलं, की पुढच्याने सावध राहावं. नाव म्हणजे कुणाच्या तरी अनुभवाची चिठ्ठी असते. आपण ती वाचायची विसरतो, एवढंच.

३. गाढव आणि खोटे गुलाब

आता एक गोष्ट. दुसऱ्या शतकात उत्तर आफ्रिकेत, आजच्या अल्जीरियात, अपुलेयस नावाचा लेखक होऊन गेला. त्याची लॅटिन कादंबरी 'सोनेरी गाढव' या अर्थाच्या नावाने जगभर ओळखली जाते. तिचा नायक लूसियस. त्याला जादू शिकायची भयंकर हौस. एकदा चुकीचा लेप अंगाला लावतो आणि त्याचं गाढव होतं. उपाय एकच, गुलाबाची फुलं खाणं. खाल्ली की परत माणूस.

सोपं वाटतं ना? पण गुलाबापर्यंत पोचण्यात सगळी कादंबरी जाते.

एका ठिकाणी त्याला लांबून हिरवीगार झाडी आणि त्यात लाल फुलं दिसतात. गुलाब! तो जीव तोडून पळत सुटतो. जवळ जाऊन पाहतो तर नदीच्या काठाने पानं लॉरेलसारखी असलेली झाडं, वर फिकट लालसर पेल्यासारखी फुलं, आणि गुलाबाचा वास नाही. लोक त्यांना 'लॉरेलचे गुलाब' म्हणत. म्हणजे आपली कण्हेर. आणि लेखक तिथेच सांगतो की जनावराने हे खाल्लं की संपलंच.

जरा विचार करा. रंग बरोबर होता. नावातही 'गुलाब' होतं. लूसियसला ज्या गोष्टीची सगळ्यात जास्त गरज होती, तिच्याच रूपात आणि तिच्याच नावात त्याच्यासमोर मरण उभं होतं. ते त्याला कळलं जवळ जाऊन नीट पाहिल्यावर.

पुढे काय झालं? शेवटच्या भागात तो आयसिस देवीची प्रार्थना करतो. देवी स्वप्नात मार्ग सांगते, आणि तिच्या मिरवणुकीतल्या पुजाऱ्याच्या हातातले खरे गुलाब खाऊन तो माणूस होतो. धर्म वेगळा, देश वेगळा, पण साधकाला ही गोष्ट ओळखीची वाटेल. तहान खरी असणं पुरेसं नाही. जे समोर आलं ते खरंच ते आहे का, हे पाहावं लागतं.

४. एक झाड दोन नावं, एक नाव दोन झाडं

मी दिवसभर डेटाबेससोबत काम करतो. आमच्याकडे दोन चुका कायमच्या ओळखीच्या. एकाच ग्राहकाची दोन वेगळ्या नावांनी नोंद होणं; आणि दोन वेगळ्या ग्राहकांची एकाच नावाने नोंद होणं. पहिलीत घोळ होतो. दुसरीत नुकसान होतं. म्हणून आम्ही प्रत्येक नोंदीला एक आयडी देतो, जो बदलत नाही. वनस्पतिशास्त्रातलं दोन शब्दांचं नाव म्हणजे तसाच आयडी द्यायचा प्रयत्न.

कण्हेरीच्या बाबतीत दोन्ही चुका झाल्यात.

पहिली बघा. भारतातली कण्हेर सुवासिक असते असं युरोपातल्या लोकांना दिसलं. त्यांना वाटलं ही वेगळी जात. १७६८ साली फिलिप मिलर या इंग्रज बागतज्ज्ञाने तिला 'नेरियम इंडिकम' असं वेगळं नाव दिलं. आता अभ्यासक म्हणतात, दोन्ही एकच. वास कमीजास्त असेल, झाड तेच. पण आयुर्वेदाच्या बऱ्याच पुस्तकांत करवीरपुढे अजून 'नेरियम इंडिकम' छापलेलं दिसतं. घोळ आहे, पण कुणाचा जीव जाणारा नाही. पेट्राच्या घळीतली आणि तुमच्या कुंपणावरची, दोघी सख्ख्या बहिणीसुद्धा नाहीत. एकच.

दुसरी चूक जास्त नाजूक आहे. आपण जिला 'पिवळी कण्हेर' किंवा बिट्टी म्हणतो, ती कण्हेर नाहीच! पिवळी घंटेसारखी फुलं, अरुंद चकचकीत पानं, टोकदार हिरवी फळं. ती मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली. शास्त्रीय नाव कॅस्काबेला थेवेटिया. कुळ एकच, घर वेगळं. तीही विषारी, आणि तिचं विषही हृदयावरच चालतं.

याच कुळात अजून कोण कोण आहे माहितीय? रुई, तगर, चाफा, सदाफुली. आपल्या फुलांच्या परडीतली निम्मी मंडळी.

५. नाव चुकलं, तर

आता ताईंच्या प्रश्नाकडे येऊ, आणि इथे कृपया लक्ष देऊन वाचा.

कण्हेरीचं पान, फूल, खोड, बी, सगळं विषारी आहे. त्यातलं मुख्य द्रव्य ओलिअँड्रिन. आपल्या हृदयाच्या पेशींवर सोडियम आणि पोटॅशियम आतबाहेर करणारे बारीक पंप असतात. हे द्रव्य ते पंप अडवतं. मग हृदयाचे ठोके मंदावतात, चुकतात, थांबूही शकतात. पान वाळवलं तरी विष जात नाही. उकळलं तरी जात नाही. फांद्या जाळल्या तर धूरही त्रास देतो.

२०२४ साली केरळमध्ये एका तरुणीचा मृत्यू झाला आणि तिने अरळी चावल्याचा संशय पुढे आला. त्यानंतर त्रावणकोर देवस्वम मंडळाने आपल्या मंदिरांतल्या नैवेद्यात आणि प्रसादात अरळीची फुलं वापरणं बंद केलं. मला हा निर्णय मनापासून पटला. देवाला फूल आवडतं की नाही हा प्रश्नच नव्हता. भक्ताच्या तोंडात काय जातं हा प्रश्न होता.

आपल्याकडे दर गणेशोत्सवात एक मेसेज फिरतो: एकवीसही पत्री औषधी आहेत, अमुक पत्रीचा काढा प्या, तमुकची पानं चघळा. मंडळी, हा मेसेज कृपा करून पुढे पाठवू नका. पत्रीत कण्हेर आहे, रुई आहे, धोत्रा आहे. आयुर्वेदाने या तिघांनाही उपविषांत मोजलंय. वैद्य ते वापरतात ते शोधन करून, मात्रा सांभाळून. यूट्यूब बघून नाही. प्लिनीनेही लिहून ठेवलं होतं की हेच झाड माणसाला सर्पदंशावर उपयोगी आहे. जनावरांबद्दल तो बरोबर होता; हा भाग मात्र अजिबात खरा मानू नका. दोन हजार वर्षं जुनं वाक्य आहे म्हणून ते खरं होत नाही.

मग विषारी कण्हेर पत्रीत कशी? मला जे समजलंय ते असं. पत्री अर्पण करायची असते, खायची नसते. तुळस नैवेद्यावर ठेवतो, कण्हेर चरणांवर वाहतो. परंपरेने दोघींनाही देवघरात जागा दिली, पण जागा वेगवेगळ्या दिल्या. हा विवेक आहे. आपण नावं पाठ केली, यादी पाठ केली, आणि कोण कुठे ठेवायची हे मात्र विसरत चाललोय. नारदांची यादी आणि आपली पत्रीची यादी, दोन्हींची गत तीच!

काही साध्या गोष्टी:

– कण्हेर किंवा बिट्टी वाहिलीत तर प्रसादाच्या ताटापासून लांब ठेवा. पंचामृतात, तीर्थात पाकळी पडू देऊ नका.
– पत्री खुडून, निवडून झाली की हात साबणाने धुवा.
– निर्माल्य गाय, शेळी किंवा कुत्र्यामांजरांच्या तोंडाला लागेल असं उघड्यावर टाकू नका. 'हयमारक' आठवा.
– कण्हेरीची काडी दातात धरू नका, ढवळायला घेऊ नका, शेकोटीत टाकू नका.
– मुलाने चावली अशी नुसती शंका आली तरी घरगुती उपाय, मीठपाणी, ओकारी काढणं काही करत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा सरळ हॉस्पिटल गाठा. सोबत झाडाचा फोटो किंवा पिशवीत बांधलेली फांदी न्या, आणि नाव सांगा: नेरियम ओलिएंडर की कॅस्काबेला थेवेटिया.

शेवटचा मुद्दा परत वाचा. इमर्जन्सीत उभ्या असलेल्या डॉक्टरांना तुमचं ते एक नाव उपयोगी पडेल. नाव फालतू असतं, असं तिथे कोण म्हणेल?

६. नावाच्या पुढे

म्हणून सनत्कुमार नाव टाकून द्यायला सांगत नाहीत. पण ते तिथे थांबूही देत नाहीत. का?

कारण नाव बरोबर सांगितल्यावरही झाड बरंच उरतं. आपण 'विषारी' म्हटलं आणि शिक्का मारून मोकळे झालो. पण ओलिएंडर हॉकमॉथ नावाचा एक देखणा हिरवा पतंग आहे. भूमध्य प्रदेशात आहे, आपल्याकडेही आहे. त्याचं शास्त्रीय नावच डाफ्निस नेरियाय, कण्हेरीवरून ठेवलेलं. त्याच्या अळ्या कण्हेरीची पानं खाऊनच मोठ्या होतात. घोड्याला जे मरण, ते अळीला दूधभात. मग 'विष' हा शब्द झाडाबद्दल काही सांगतो, की आपल्याबद्दल?

आणि फूल? एवढं गुलाबी, पण आत मधच नाही. कीटक रंगाला भुलून येतो, सोंड घालतो, रिकामा जातो. जाताना परागकण मात्र नेतो. लूसियस गाढवासारखे कितीतरी भुलणारे रोज येत असतील.

यातलं काहीही 'कण्हेर' किंवा 'नेरियम' या शब्दात नाही. ते कळायला झाडापाशी बसावं लागतं, वेगवेगळ्या वेळी जावं लागतं, त्याला आपल्या उपयोगापलीकडे पाहावं लागतं. सनत्कुमारांच्या जिन्यात नावानंतर वाणी येते, मग मन, संकल्प, चित्त, ध्यान... पायरीमागून पायरी नारद तोच प्रश्न विचारत जातात, याहून मोठं काही आहे? आणि शेवटी ते भूमापर्यंत पोचतात, जे एवढं मोठं आहे की त्याच्या बाहेर काही उरतच नाही. मला या अध्यायात नारदांची यादी नाही, हा प्रश्न सगळ्यात जास्त आवडतो. एवढी विद्या असलेला माणूस 'मला आलं' म्हणून थांबत नाही.

आपल्या पिढीचं काय होतं? फोन झाडासमोर धरला, ॲपने नाव सांगितलं, झालं. पुढचं झाड. देवाच्या बाबतीतही तेच. अष्टोत्तरशत नावं पाठ, पण एका नावापाशी दहा मिनिटं थांबलो का? ज्या ग्रीक माणसाने या झुडपाला 'ओलं' म्हटलं, तो थांबला होता. त्याने कोरडी वाळू पाहिली, ताजी फुलं पाहिली आणि त्याला खालचं पाणी कळलं. नाव त्याला त्यातून मिळालं. आपल्याला नाव आयतं मिळालंय. आपल्याला त्यातून पाण्यापर्यंत जायचंय.

आजचा अभ्यास

१. घराजवळची, ऑफिसच्या वाटेवरची एक कण्हेर शोधा. ती खरी कण्हेर आहे की बिट्टी, ते पान आणि फूल पाहून ठरवा. हात लावायची गरज नाही, डोळे पुरेत.

२. आपण रोज जे एक नाम घेतो, त्याचा अर्थ आज एकदा शोधा. ज्याने ते पहिल्यांदा उच्चारलं, त्याने काय पाहिलं असेल, यावर दहा मिनिटं बसा.

३. यंदा पत्री आणताना घरातल्या लहानांना प्रत्येक पानाचं नाव सांगा. आणि त्यासोबत हेही सांगा की यातली कुठली पानं तोंडात घालायची नाहीत.

 उद्या छांदोग्याचाच पुढचा खंड घेऊ: नावाहून मोठी वाणी कशी?

राम कृष्ण हरी.